केसाची दोन्ही टोकं

मित्रांनो, मी एक जुना जोड-सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पायाशी दोन बाजूंना दोन काचपट्ट्या ठेवतात आणि वरून दोन्ही डोळे लावून बघतात. बघणाऱ्याला मधोमध एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या डावीकडे एक वस्तू असते, उजवीकडे दुसरी. दोन्ही एकाच वेळी, अगदी मांडीला मांडी लावून बसल्यासारख्या दिसतात. त्यामुळे कुणी मला दुतोंडी म्हणालं तर मी रागावत नाही. पण मी कुणाचा तरी केसाने गळा कापला असं कुणी म्हणालं, तर मला गप्प बसावं लागतं. कारण तसं एकदा झालं आहे, आणि दुसऱ्यांदा होता होता राहिलं आहे. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म जर्मनीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं सात आठवडे घासली आणि प्रत्येक भिंग खिडकीशी धरून स्वतःच्या पापणीचा केस त्यातून पाहिला. पसंत पडेना तसं पुन्हा घासायला घेतलं. मग मला भुसा भरलेल्या पेटीत घालून जहाजाने ऑकलंडला पाठवलं. तिथे गुन्ह्यांचे पुरावे तपासणारी एक प्रयोगशाळा होती. पेटी उघडली ती पर्चससाहेबांनी. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, हातरुमालाने पुसलं आणि म्हणाले, “ये बाबा. फार वाट पाहायला लावलीस.”

पर्चससाहेब केसांचे तज्ज्ञ होते. तुम्हाला केस म्हणजे नुसता काळा दोरा वाटत असेल. माझ्याखाली या, मग बघा. केसावर कौलांसारखे खवले असतात. आत रंगाचे कण विखुरलेले असतात आणि मधून एक बारीक नळी जाते. मांजराचा केस वेगळा, मेंढीची लोकर वेगळी, माणसाचा केस वेगळा. हे ओळखण्यात माझी कधीच चूक झाली नाही. केस उपटला गेला असेल तर त्याच्या मुळाशी मांसाचा कण दिसतो. आपोआप गळला असेल तर मूळ सुकून गोल झालेलं असतं. कापला असेल तर कापाची कड दिसते. सुरीचा काप सपाट असतो. कात्रीचा काप दोन्ही बाजूंनी किंचित चेपलेला असतो, कारण कात्रीला दोन पाती असतात. हे सगळं साहेबांनी ग्वेनला शिकवलं. ग्वेन तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि बघताना श्वास रोखून धरायची, म्हणून साहेब तिला चिडवायचे, “अगं, केस उडणार नाही, पण तू पडशील!”

ते दिवस मोठे मानाचे होते. न्यायालयात साहेब उभे राहिले की सगळे गप्प होत. एकदा वर्तमानपत्रात साहेबांपेक्षा माझाच फोटो मोठा आला होता. ग्वेनने तो कापून भिंतीवर चिकटवला. खरं सांगतो, मी शेफारलो होतो.

त्याच वर्षी लाकडाच्या गिरणीत काम करणाऱ्या लेस गॅडिन नावाच्या माणसावर खुनाचा आळ आला. मेलेल्या बाईच्या गळपट्टीवर एक तपकिरी केस सापडला होता. साहेबांनी तो माझ्या डावीकडे ठेवला आणि गॅडिनच्या डोक्यातला उजवीकडे. रंग सारखा होता, जाडी सारखी होती, मधली नळीसुद्धा सारखीच तुटक होती. साहेबांनी न्यायालयात शपथेवर सांगितलं, “तीस वर्षांत इतके सारखे केस मी पाहिले नाहीत. हा केस त्याचाच आहे.” गॅडिनला जन्मठेप झाली. आम्ही सगळ्यांनी चहाबरोबर केक खाल्ला.

चौदा वर्षं गेली. मधल्या काळात डीएनए नावाची गोष्ट आली. माणसाच्या शरीराच्या कणाकणात त्याची ओळख लिहिलेली असते, आणि यंत्र ती वाचून दाखवतं. गॅडिनच्या वकिलाने जुना केस नव्या पद्धतीने तपासायला लावला. त्या केसाला मूळ होतं, त्यामुळे पूर्ण ओळख वाचता आली. तो केस गॅडिनचा नव्हता. त्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मला जो धक्का बसला तो मी कसा सांगू? मी तर लोखंड आणि काच. माझ्या अंगावर काटा यायला माझ्याकडे केससुद्धा नाही. पण मला वाटलं की त्या म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं घासलीच नसती तर बरं झालं असतं. गॅडिन सुटला तेव्हा त्याची आई मरून सहा वर्षं झाली होती.

पर्चससाहेब निवृत्त झाले होते. बातमी वाचून ते टोपी हातात घेऊन आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “मी तर जे दिसलं तेच सांगितलं, ग्वेन.”

“नाही, साहेब,” ग्वेन हळूच म्हणाली. “दिसलं होतं ते ‘सारखे’. तुम्ही बोललात ‘त्याचाच’.”

साहेबांनी त्या दोन्ही काचपट्ट्या मागवल्या. माझ्यावर वाकले, भिंग पुढेमागे केलं आणि बराच वेळ बघत राहिले. “अजूनही सारखेच दिसतायत गं,” ते म्हणाले. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

पुढे माझी रवानगी चहाच्या खोलीत झाली. मला ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती आणि फेकायला कुणाचा हात धजला नाही. साखरेच्या डब्याशेजारच्या फळीवर मी बसलो. डीएनए विभागाचा प्रमुख म्हणून ॲलिस्टर नावाचा हुशार तरुण आला. तो माझ्या एका नळीवर आपली टोपी अडकवायचा. “ग्वेन, हा तुमचा म्हातारा संग्रहालयात तरी द्या,” तो म्हणायचा, “नाहीतर याच्यात फुलं लावा.” ग्वेन हसायची. गॅडिननंतर ती फार बोलत नसे. कागद लावायची, नोंदी तपासायची, वाद झाला की मान खाली घालायची.

माझी विचारपूस करणारी तिथे एकच होती, सफाईवाली मेरे. तिला सगळे ‘मामा मेरे’ म्हणत. हसू नका, दक्षिण समुद्रातल्या तिच्या कुक बेटांवरचे लोक वडीलधाऱ्या बाईला मामा आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पापा म्हणतात. मामा मेरे मांगेरे या उपनगरातून पहाटेची बस पकडून यायची, चर्चमधली गाणी म्हणत फरशी पुसायची आणि ओल्या फडक्याने माझं अंग पुसून म्हणायची, “काय म्हाताऱ्या, आज कुणाला पाहिलंस?” भिंगाला ओलं फडकं लावू नये, पण तिला कोण सांगणार? मला ते आवडायचं.

एका सोमवारी मामा मेरे गाणं न म्हणताच आली. तिच्या चर्चमधले एक वृद्ध, पापा तुआकाना, शनिवारी संध्याकाळी आपल्या घरात जखमी होऊन पडलेले सापडले होते. ते एकटे राहत. मागचं दार फोडलेलं होतं, दूरदर्शनचा संच आणि चर्चचे दोन ढोल गेले होते. पापा चार दिवस इस्पितळात होते. एक शब्दही न बोलता गेले.

त्यांच्या मिटलेल्या मुठीत एक लांब काळा केस सापडला. पोलिसांनी तो आमच्याकडे पाठवला.

त्याच आठवड्यात तेओकोताई नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पकडलं. पापांनीच त्याला लहानपणी ढोल वाजवायला शिकवलं होतं. शनिवारी दुपारी तो त्यांच्या घरी गेलेला शेजारणीने पाहिला होता. त्याची आई दर शनिवारी त्याच्या हाती पापांसाठी नारळाच्या दुधात मुरवलेली मासळी पाठवायची. पण पोलिसांना खटकली ती दुसरी गोष्ट. तेओकोताईचे केस खांद्यापर्यंत होते आणि सोमवारी सकाळी त्याने ते सफाचट केले. कोंबड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, तिथे लांब केस चालत नाहीत, असं तो सांगत होता. पोलीस म्हणत होते, पुरावा नाहीसा केला. आता सगळं त्या एका केसावर अडलं होतं. केस त्याचा ठरला तर तो पोरगा निम्मं आयुष्य तुरुंगात काढणार होता.

आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा की केस आधी माझ्यासारख्याच्या खाली ठेवायचा, दोन्ही टोकं पाहून नोंद करायची, आणि मगच यंत्राकडे द्यायचा. पण नियम हळूहळू झिजला होता. मी चहाच्या खोलीत होतो आणि यंत्राला घाई होती. ॲलिस्टरच्या हाताखालच्या माणसाने वहीत ‘मूळ नाही’ एवढंच लिहिलं, सुरीने मधला बोटभर तुकडा कापला आणि विरघळवला.

आता नीट ऐका, कारण मोठमोठी माणसं इथेच घसरली. केसाला मूळ असलं तर त्यातून माणसाची पूर्ण ओळख मिळते. मूळ नसलं तर नुसत्या दांड्यातून मिळते ती आईकडून आलेली ओळख. ती आईची, तिच्या सगळ्या मुलांची, मावशीची, मावसभावंडांची, पणजीच्या सगळ्या लेकींच्या लेकरांची एकच असते. बेटांवरून आलेल्या लोकांत तर ती एकच ओळख हजारो जणांत सापडते. ॲलिस्टरने अहवालात हे सगळं बरोबर लिहिलं होतं. ‘हा केस आरोपीचा किंवा त्याच ओळखीच्या इतर कुणाचा असू शकतो.’ अक्षरही सुंदर होतं.

पण चहाच्या खोलीत भिंतीवर फोन होता. तपास अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा ॲलिस्टरच्या हातात बिस्किट होतं. पलीकडचा आवाज मला ऐकू आला, “एवढा मोठा कागद कोण वाचणार? मला एका शब्दात सांगा. त्याचाच आहे ना?”

ॲलिस्टर हसला. “आता दुसऱ्या कुणाचा असणार?”

ग्वेन तिथेच कपात दूध ओतत होती. तिचा हात थांबला. तिने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि कप घेऊन निघून गेली. मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. चौदा वर्षं फुकट गेलेल्या माणसाची काचपट्टी त्याच इमारतीत कपाटात पडून होती, आणि तरीही तेच वाक्य पुन्हा बोललं गेलं. फक्त या वेळी ते चहा पिता पिता बोललं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता: ‘केसाने खुनी पकडला.’

मामा मेरेने तो कागद कचऱ्याच्या डब्यातून काढला, घडी करून खिशात घातला आणि फरशी पुसायला लागली. तेओकोताई तिच्याच चर्चमधला. तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. पण कामाविषयी एक अक्षर विचारायचं नाही, अशी तिला पहिल्याच दिवशी ताकीद मिळालेली होती. सोळा वर्षं तिने ती पाळली होती. आणि तिला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सात महिने लोटले. खटला उभा राहायच्या आधी मुलाच्या वकिलाने मागणी केली की उरलेला केस दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पाहावा. ॲलिस्टर ग्वेनकडे आला. “निवृत्तीआधी तुम्हाला एक काम. नावापुरतंच आहे हो, अर्ध्या तासाचं.”

“मग म्हाताऱ्याला खाली उतरवायला मदत कर,” ग्वेन म्हणाली. “आणि आधी टोपी काढ.”

दोघांनी मला उचलून स्वच्छ खोलीत नेलं. ग्वेनने माझी भिंगं स्पिरिटने पुसली, दिवा बदलला, दोन्ही बाजू जुळवल्या. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात उजेड पडला. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटत होती.

केसाचे दोन तुकडे उरले होते. एकाच्या एका टोकाला सुरीचा सपाट काप होता, तो प्रयोगशाळेतला. ग्वेनने दुसरं टोक पाहिलं. ते गवताच्या पात्यासारखं निमुळतं होत गेलेलं होतं. त्या टोकाला कधीच कात्री लागलेली नव्हती. मग तिने दुसरा तुकडा घेतला. त्याचंही एक टोक सुरीचं. आणि दुसरं, जिथे मूळ असायला हवं तिथे, दोन्ही बाजूंनी किंचित चेपलेलं.

ग्वेनने श्वास रोखला. अगदी एकविसाव्या वर्षी रोखायची तसाच.

“कात्री,” ती म्हणाली. खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

तिने पुन्हा पाहिलं. तो केस कुणाच्या डोक्यातून उपटला गेला नव्हता, गळलाही नव्हता. कुणीतरी तो डोक्याजवळ कात्रीने कापला होता. झटापटीत कात्रीने एक केस कोण कापेल? शिवाय केस मोठ्या माणसाच्या मानाने फारच बारीक होता, आणि त्याला निळ्या चकचकीत धाग्याचा एक इवलासा तंतू चिकटला होता. ग्वेन उठली, बसली, पुन्हा उठली. तिला काही उलगडेना.

तेवढ्यात मामा मेरे बादली घेऊन दारात आली.

“आत येऊ नकोस, मेरे. केस उघडा आहे.”

“नाही येत बाई. दारातूनच पुसते. चहा तरी घेतलास का? त्या केसाला काय पाय फुटणार आहेत?”

ग्वेन तिच्याकडे वळली. मग म्हणाली, “मेरे, एक विचारू? नावगाव मला विचारू नकोस.”

“विचार की! सोळा वर्षांत ‘दूध संपलं का’ याच्यापुढे कुणी काही विचारलं नाही मला.”

“लांब केस. टोकाला कधीच कात्री लागली नाही, आणि बुडाशी मात्र कात्रीनेच कापलाय. बारीक आहे, पोरासोरांचा असावा तसा. असा केस एखाद्याच्या हातात कुठून येईल?”

मामा मेरे चक्क हसली. “हात्तिच्या! हेच का ते कोडं? अगं, बट आहे ती. केसकापणीतली.”

“कसली केसकापणी?”

“आमच्या पोरांचं जावळ दहाव्या-बाराव्या वर्षी निघतं. तोवर कात्री लावायची नाही, मग पोरगी पोरगी म्हणून शाळेत कितीही चिडवू देत! मग एक दिवस सगळं गणगोत गोळा करायचं, पोराला नव्या गोधड्या घातलेल्या खुर्चीवर बसवायचं, केसांच्या बटा करून प्रत्येकीला फीत बांधायची. एकेक पाहुणा येतो, एकेक बट कापतो आणि घरी नेतो. माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात तेवीस बटा आहेत. मांगेरेतल्या कुठल्याही पोराचं नाव घे. आता टक्कल पडलं असेल मेल्याला, पण माझ्या डब्यात त्याचे केस आहेत!”

ती अजून हसतच होती. ग्वेन हसत नव्हती. मामा मेरेचं हसू हळूहळू ओसरलं. तिने फडकं बादलीत सोडलं.

“ग्वेन,” ती म्हणाली, “हा तेओकोताईचा केस आहे का?”

ग्वेनला उत्तर द्यायची मुभा नव्हती. नियम होता.

“त्याची पहिली बट पापा तुआकानांनी कापली होती. मी होते ना तिथे. त्या म्हाताऱ्याला स्वतःचं मूलबाळ नाही, तर याचेच लाड. बट बायबलमध्ये ठेवली होती त्यांनी. संध्याकाळी वाचायला बसले की आधी तिच्यावर हात ठेवायचे. निळी फीत होती तिला.”

ग्वेनची नजर माझ्याकडे गेली. निळा तंतू अजून माझ्या उजेडात पडला होता.

मामा मेरे दारातच मटकन खाली बसली, ओल्या फरशीवर. आणि मग ती ओरडली. त्या इमारतीत कुणी इतक्या मोठ्याने बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. “सात महिने पोरगं आत आहे! सात महिने मी रोज या दारातून फरशी पुसतेय! एवढे शिकलेले तुम्ही, एवढी यंत्रं तुमची, एकाने तरी विचारायचं होतं गं! एकाने तरी!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पण इथे वळसा आम्ही घालत होतो आणि त्याची किंमत तो एकोणीस वर्षांचा पोरगा कोठडीत मोजत होता. ग्वेन तिच्याजवळ जाऊन खाली बसली.

पुढचं भराभर झालं. पापांच्या घरातलं बायबल टेबलाखाली पडलेलं होतं. पोलिसांनी त्याचा फोटो काढला होता, पण ते उघडलं नव्हतं. आता उघडलं. आत एक पाकीट होतं, त्यावर तेओकोताईचं नाव आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख. पाकीट फाटलेलं होतं. आत निळ्या फितीची बट होती आणि बटेतले काही केस ओढले गेले होते. ग्वेनने बटेतला एक केस माझ्या डावीकडे ठेवला आणि मुठीतला उजवीकडे. रंग, जाडी, कात्रीचा काप आणि निळा तंतू, सगळं जुळत होतं. म्हणजे चोर घरात शिरले तेव्हा म्हातारबाबांनी घट्ट धरलं ते चोराचं डोकं नव्हतं. त्यांनी आपल्या लाडक्या पोराची बट धरली होती. आणि आम्ही तीच बट घेऊन त्या पोराला जन्माचं तुरुंगात घालायला निघालो होतो.

हे मला अजून सहन होत नाही.

ग्वेनने ॲलिस्टरला बोलावून घेतलं. तो पहिल्यांदाच माझ्यावर वाकला. त्याने एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि पुन्हा पहिल्याकडे वळला.

“मी अहवालात बरोबर लिहिलं होतं,” तो म्हणाला.

“हो. कागदावर.”

“फोनवर मी काय बोललो ते तुम्ही ऐकलं होतं?”

“ऐकलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात, ग्वेन?”

“घाबरले,” ग्वेन म्हणाली. “एकदा साहेबांचं आयुष्य एका वाक्यात संपवलं होतं मी. पुन्हा कुणाच्या चुकीवर बोट ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून त्या पोराचे सात महिने तुझ्या एकट्याच्या नावावर नाहीत.”

न्यायालयात ग्वेन उभी राहिली. सरकारी वकिलाने विचारलं, हा केस आरोपीचा आहे की नाही, एका शब्दात सांगा. ग्वेन म्हणाली, “एका शब्दात नाही सांगणार. पाहिलं तेवढं सांगते.” आणि तिने दोन्ही टोकं सांगितली, फीत सांगितली, बायबल सांगितलं. त्यासाठी तिला पाऊण तास लागला. तेओकोताई सुटला. पापा तुआकानांवर हात उचलणारे कोण होते ते अजून कळलेलं नाही. सगळ्यांनी सात महिने एकाच डोक्याकडे बोट दाखवलं, तोवर बाकीच्या खुणा पुसून गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, चला, शेवट गोड झाला. मलाही तसंच वाटलं होतं. मला पुन्हा टेबलावर जागा मिळाली होती, आणि ॲलिस्टर माझ्यावर स्वतःच्या हाताने आच्छादन घालू लागला होता.

मग एका रविवारी मामा मेरेने ग्वेनला केसकापणीला नेलं. तेओकोताईच्या बहिणीच्या मुलाची होती ती. सोमवारी सकाळी ग्वेन माझ्याजवळ येऊन बसली. ॲलिस्टरने विचारलं, “कसा झाला समारंभ?”

“छान झाला,” ती म्हणाली. “ढोल वाजले. जेवण भरपूर. मुलगा एवढासा, लाजून लाल झाला होता. माझ्याही हाताने एक बट कापून घेतली त्यांनी. पिवळ्या फितीची.” ती थांबली. “मग निघायची वेळ झाली. दारात तेओकोताई उभा होता, हातात झाकणाची टोपली घेऊन. प्रत्येक जण जाताना आपापली बट त्या टोपलीत परत टाकत होता. म्हाताऱ्या बायका रडत होत्या, पण टाकत होत्या. मेरे मला म्हणाली, ‘पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी केसकापणीहून रिकाम्या हाताने घरी चाललेय.’ सगळे केस तो परसात नेऊन जाळणार होता.”

“तुमची बट?” ॲलिस्टरने विचारलं.

“मी ती पर्समध्ये ठेवली होती. मला वाटलं, मी... मला वाटलं, माझ्याकडे राहू देतील. त्याने टोपली पुढे केली. चांगलं बोलला तो, अगदी आदराने. ‘तुमचीसुद्धा, बाई,’ म्हणाला. ‘माझ्या भाच्याचा एकही केस कुठे राहायला नको.’”

ग्वेनने माझ्यावरचं आच्छादन उगीचच सारखं केलं.

मित्रांनो, माझ्या काचा रोज पुसा असं सांगायला मी ही कहाणी सांगितली नाही. धूळ बसली तरी मी जगेन. पण उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्यावर डोळे लावून बसेल, कुणी यंत्रापुढे बसेल, कुणी नुसता फोन उचलेल. तेव्हा दिसलं तेवढंच सांगा. आणि जे दिसत नाही ते विचारा, दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईलासुद्धा विचारा. आम्ही विचारलं नाही. म्हणून मांगेरेतली माणसं आता आपल्या पोरांचे केस जाळतात.